पडद्यावरचा बांध

एक तारखेला स्वरूप बिर्जेची बदली स्टोअरमध्ये झाली, नटबोल्ट मोजायला. सांगून टाकलं, आता विसरा. स्वरूपनं स्वतः तेच केलंय. त्याच्या मते अशी बदली झालेलीच नाही, आणि न झालेल्या बदलीला कारणही नसतं. तेव्हा ते कारण सांगायला काही हरकत दिसत नाही.

मच्छे गावात भरमूअण्णांची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे. तिथं ड्रॉइंगं काढायला कॉम्प्युटर एक आणि माणसं दोन. सकाळी सात ते एक स्वरूप बसायचा, एक ते सात निपाणीची पारमिता. पडद्याच्या उजव्या कडेला स्वरूपच्या बटणांच्या पट्ट्या. डाव्या कडेला पारमिताच्या बटणांचा रुंद फलक, कारण ती डावखुरी. मधल्या मोकळ्या रानात दोघं आळीपाळीनं व्हॉल्व्ह आणि पंपाचे भाग काढायचे. पारमिता आल्यापासून वर्षभर सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं.

मग बदलीच्या आदल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी भरमूअण्णा आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पुढल्या महिन्यापासून एकच शिफ्ट. ज्याची ड्रॉइंगं जास्त, तो खुर्चीवर. दुसरा स्टोअरला. आयतु?"

भरमूअण्णांनी 'आयतु', म्हणजे कानडीत 'झालं', म्हटलं की विषय संपतो. त्यानंतर फक्त चहा येतो.

घरी खानापूरकडं स्वरूपसाठी मुली बघायचं चाललेलं. आईनं, म्हणजे अक्काताईनं, त्याची माहिती छापून पन्नास प्रती वाटल्या होत्या, आणि त्यात 'डिझाइन विभाग' ठळक अक्षरात होतं. आता पन्नास घरांत जाऊन ते खोडायचं कुणी?

रविवारी तो गावी गेला आणि चुलत्यापुढं बसला. भावकूकाकानं चाळीस वर्षांत कुणाशी मोठ्यानं भांडण केलं नव्हतं, तरी त्याचं शेत चारी बाजूंनी वाढलं होतं.

"किती जागा हाय म्हणालास?"

"बावीस इंच, काका."

"आणि त्या पोरीचा हिस्सा?"

"चार बोटं आसंल."

काकानं तंबाखू मळली. "मग एकदम हात घालू नगंस. रोज थोडं कोरायचं. तिला वाटाय पायजे, आपल्यालाच कमी दिसाय लागलंय."

सोमवारी सकाळी स्वरूपनं पारमिताचा फलक केसभर आत ढकलला. मंगळवारी आला तर फलक जिथल्या तिथं. त्यानं पुन्हा ढकलला, वर तिची दोन बटणं उचलून एका मेनूच्या आतल्या मेनूच्या आत नेऊन पुरली. बुधवारी दोन्ही बटणं जागेवर, ओळीत.

स्वरूपला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. एवढं सगळं हुडकून परत लावायला तिचा निदान दीड तास मोडत असणार. मग त्यानं मनावरच घेतलं. तिची बटणं उलट्या क्रमानं लावली. मापं टाकायचं बटण वर्तुळाच्या चित्रामागं दडवलं. एकदा तर अख्खा फलकच पडद्याच्या इतक्या टोकाला नेला, की नुसतं शेपूट दिसत होतं. सकाळचे दोन दोन तास या शेतीत जायला लागले. ड्रॉइंग काढायला मग वेळ कसा उरणार? पण तिचाही तर जातोय की, असं म्हणून तो समाधानानं डबा उघडायचा. रोज सकाळी बांध आपला जागच्या जागी. बाई चिवट आहे, एवढं त्यानं मनातल्या मनात मान्य केलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यानं काकालाच बोलावून घेतलं. शिफ्ट बदलताना, बरोबर एकला, भावकूकाका धोतर सावरत कॉम्प्युटरपुढं बसला. पारमिता पर्स अडकवत आली.

"हे कोण, स्वरूपअण्णा?"

"पंच," स्वरूप म्हणाला.

काकानं डबीतला चुना बोटावर घेतला आणि मॉनिटरच्या काचेवर वरून खाली सरळ रेघ ओढली. "ही हद्द. पोरी, तुझं हिकडं, ह्येचं तिकडं. कबूल?"

पारमितानं रेघेकडं बघितलं, काकाकडं बघितलं. मग वाकून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकाच्या चित्रावर माउसनं एकदा टिचकी मारली. यादी उघडली. त्यात एक नाव होतं, पारमिता. त्यावर दुसरी टिचकी. महिनाभर कोरलेला फलक टुणकन चुना ओलांडून जुन्या जागी येऊन बसला. पुरलेली बटणंही वर आली.

"रोज... एवढंच करत होतीस?" स्वरूपनं विचारलं.

"एवढंच. मला वाटलं, मशीनच काहीतरी बिघडलंय, रोज सगळं विस्कटतंय. वर्षापूर्वीच माझी मांडणी सेव्ह करून ठेवलीय मी." काकानं उठावं म्हणून ती खुर्चीकडं हात करून थांबली. "आमच्या आज्जीनं जन्मभर दुसऱ्याचे बांध घातले, अण्णा. स्वतःचा असा कधी न्हवता. त्यामुळं कोरायचं कसं ते आमच्यात कुणाला येत न्हाय. सेव्ह करायला तेवढं येतंय."

स्वरूप काही बोलणार, तोवर काका उठला. चुना धोतराला पुसला आणि पारमिताच्या बाजूला सरकला.

"पोरी, ह्ये शेताला लागू पडतंय काय गं?"

"काका!" स्वरूप ओरडला.

"गप रं. तुझ्या बापाच्या बाजूनंच माझं चार हात गेल्यात."

तेवढ्यात मागून भरमूअण्णा आले. त्यांनी काचेवरचा चुना बघितला, धोतर बघितलं. मग महिन्याचा हिशेब बघितला. भिंतीवरच्या कागदावर पारमिताची एकतीस ड्रॉइंगं होती, स्वरूपची नऊ.

"आयतु," ते म्हणाले. चहा आला.

पारमितानं स्वरूपला जाताना ते दातेरी चाक दाखवलं. 'तुमच्याही नावानं एक करून देऊ का' असंही विचारलं. स्वरूप ताठ मानेनं म्हणाला, "वाटण्या करायच्या न्हायत आपल्याला. हद्द कायम होऊ दे आधी." आणि दुसऱ्या दिवशी त्यानं रीतसर अर्ज टाकला :

मा. भूमापन अधिकारी, तालुका सर्वे कार्यालय, यांस.
विषय : मॉनिटरची सरकारी मोजणी होऊन मिळणेबाबत.
महोदय, अर्जदाराची सदर पडद्यावर तीन वर्षे अखंड वहिवाट आहे. चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस खिडकी, पश्चिमेस स्टेपलर, उत्तरेस कॅलेंडर, दक्षिणेस कीबोर्ड. प्रतिपक्ष एका टिचकीत बांध मूळ जागी नेत असल्याने कोरण्यास वाव राहिलेला नाही व अर्जदाराचे वंशपरंपरागत नुकसान होत आहे. तरी साखळी व मोजणीदार पाठवून, पंचांसमक्ष मोजणी करून, हद्दीचे चार दगड काचेच्या आतील बाजूने पक्के बसवून मिळावेत, ही नम्र विनंती.