घागरीवरचा पोचा

मित्रांनो, साल १९८७ होते. मराठवाड्यात पावसाने सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, आणि त्याच साली मी एका भल्या माणसाचे डोके फोडले.

मी एक जुनी तांब्याची घागर आहे. माझ्या पोटावर एक खोल पोचा आहे आणि बुडाजवळ दुसरा. बाकीचे आयुष्य पाणी भरण्यात आणि सांडण्यात गेले, म्हणून या दोन पोच्यांचीच हकिगत सांगते.

शहरातल्या औरंगपुऱ्यामागच्या बोळात एका तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. पत्रा तापवायचा, विझवायचा, पुन्हा ठोकायचा. मला वाटले, नशिबातले सगळे घाव मी तिथेच खाऊन संपवले. कन्नड गावच्या एका बाईने मला लेकीच्या लग्नासाठी घेतले आणि माझ्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी लेकीचे नाव घालून घेतले, सुरेखा.

सुरेखाचा नवरा कडुबा. त्याच्या आधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून हे पोर तरी मरणाला कडू लागावे, या आशेने ते नाव ठेवलेले. चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, पण नाव तेच राहिले. तो वाळूजच्या कारखान्यात कामाला होता. रविवारी छावणीतील चर्चमध्ये गिटार घेऊन स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. ती ऐकायला तरुण पोरे मागच्या बाकांवर दाटी करायची.

शेजारच्या खोलीत कचरूभाऊ राहायचे. ते कडुबाहून दहा वर्षांनी मोठे. कडुबाला कारखान्यात त्यांनीच चिकटवले होते. वस्तीत रोज नव्या खोल्या उभ्या राहत होत्या, टँकर मात्र एकच यायचा. त्याची रांग कचरूभाऊ सांभाळत. सुरेखा पोटुशी होती, म्हणून ते मला हळूच पुढे सरकवून द्यायचे.

श्रावणातल्या एका कोरड्या दुपारी टँकर निम्माच भरून आला. बायका पाइपवर तुटून पडल्या. कुणाच्या बांगड्या फुटल्या, कुणाचा पदर फाटला, एका म्हातारीच्या पायावर पिंप पडले. कचरूभाऊंच्या नावाने ओरड सुरू झाली, तेव्हा त्यांनी मला उचलून सगळ्यांच्या मागे ठेवले. तेवढ्यात कामावरून कडुबा आला. त्याने जाब विचारला. कचरूभाऊही तापलेले होते.

ते म्हणाले, “तुझ्या येशूला म्हण की पाणी पाडायला. लई गाणी म्हणतो ना त्याची? का त्यालाबी ऐकू येत नाय?”

सगळे हसले. कचरूभाऊंना काय ठाऊक, की तीन महिने कडुबा पावसासाठी गुडघ्यांवर बसत होता, आणि आपले कुणीच ऐकत नाही ही भीती त्याला आतून खात होती. त्याने मला गळ्याला धरले, वर उचलले आणि कचरूभाऊंच्या उजव्या कानशिलावर घातले.

तो आवाज मी अजून विसरले नाही. माझे पोट आत गेले. कचरूभाऊ पाइपाखालच्या चिखलात कोसळले आणि चिखल लाल झाला. पाइपातून सांडलेल्या त्या पाण्याला मग कुणी हात लावला नाही.

ते वाचले, पण उजवा कान कायमचा बहिरा झाला. पोलिसांना त्यांनी सांगितले, “टँकरवरनं घसरलो.” सुरेखाचे दिवस भरत आले होते, म्हणून ही खोटी जबानी. त्यानंतर मात्र त्यांनी कडुबाला दार बंद केले. तो रोज जायचा आणि बंद दारावरून परत यायचा.

छावणीतील पाळकसाहेबांची शिकवण अशी होती, की भावाशी समेट केल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजाजवळ, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, येऊ नये. कडुबा बाकावरच बसून राहू लागला. लोक पुढे जात, तो खाली बघे. शिक्षा झाली असती तर भोगून मोकळा झाला असता. ती शिक्षा कचरूभाऊंच्या बंद दाराआड अडकून पडली होती.

सुरेखा मला तांबटाकडे घेऊन गेली. रोज पाणी भरताना पोचा दिसतो, तो काढून टाका, म्हणाली. तांबटाने हातोडी उचलली, तेवढ्यात मागून कडुबा धावत आला आणि त्याने मला हिसकावून घेतले.

त्याच वर्षी त्याने आठ गाणी रचली. गोड चालींची, पण शब्द देवाची गचांडी धरणारे. औरंगपुऱ्यात अप्पाराव नावाचे गृहस्थ एका खोलीत कॅसेट भरून देत. दोन गिटार आल्या, लग्नाच्या बँडमधला कॅसिओ कीबोर्ड आला, ड्रमवाला आला नाही. तेव्हा कडुबाने मला सुरेखापुढे ठेवले. तिने माझ्या पोटावर थाप मारली की घुम्म व्हायचे, पोच्यावर मारली की थाड. अप्पाराव चमकले, म्हणाले हा आवाज कुठल्याच ड्रममध्ये नाही. सुरेखा रडत होती आणि मारत होती. कडुबा गात होता,

“माझ्या हाती पाणी नव्हते,
माझ्या हाती घाव होता.
देवा, तू गप्प होतास,
की मीच बहिरा झालो?”

कॅसेटचे नाव ठेवले ‘मारा’. वाळवंटात तहानलेल्या लोकांना कडू पाण्याचा झरा लागला, त्या जागेचे हे नाव. कडुबाने ते पाळकसाहेबांकडून ऐकले होते. दुकानदारांनी मात्र ती हाणामारीच्या सिनेमांच्या कॅसेटींत लावली. तिथूनच कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरने ती उचलली. त्या बसमध्ये कचरूभाऊ बसले होते. थाड असा आवाज आला आणि त्यांचा हात कानशिलावर गेला.

पुढच्या रविवारी ती गाणी चर्चमध्ये व्हायची होती. सुरेखा मला घेऊन कडुबाशेजारी दगडी पायरीशी उभी होती. कचरूभाऊ आले. त्यांनी मला तिच्या हातून काढून घेतले आणि कडुबाच्या डोक्यावर दोन्ही हातांनी उंच धरले. सुरेखाने डोळे मिटले.

कडुबा पायरीवर गुडघे टेकून बसला. “मारा, भाऊ,” तो म्हणाला.

मी खाली आले. कडुबाच्या गुडघ्यापासून चार बोटांवर, पायरीच्या दगडावर. माझे बूड चेपले, बारीक चीरही गेली. कचरूभाऊंनी वाकल्या वाकल्याच उजव्या कानाला हात लावला.

मग म्हणाले, “ह्या कानानं शेवटी हिचाच आवाज ऐकला व्हता. परत येतो का बघितलं.”

“आला का?”

“नाय.” त्यांनी मला खाली ठेवले. “जा आता आत. लोक थांबलेत.”

त्या दिवशी कडुबा मेजाजवळ गेला. कचरूभाऊ बाहेर पायरीवर बसून राहिले.

कडुबाने दुसरी कॅसेट काढली नाही. चर्चमध्ये गात राहिला आणि २०१६च्या दुष्काळात, शहरात पुन्हा टँकर फिरत असताना, गेला. कचरूभाऊंनी त्याच्या कबरीवर मूठभर माती टाकली. अप्पारावांच्या खोलीत आता मोबाइल विकतात. तेव्हाचे सुरेखाच्या पोटातले बाळ म्हणजे मुलगी. ती आज पुण्यात डॉक्टर आहे, कानांची. सुरेखा म्हातारी झाली असून मला गॅलरीत ठेवते.

मित्रांनो, राग आला की हातातली वस्तू आधी खाली ठेवा. आणि जुनी भांडी मोडीत घालण्याआधी, त्यांचे पोचे काढण्याआधी, ते कसे पडले एवढे घरात विचारा. माझ्यात आता पाणी राहत नाही, पण मला ठेवा.

कारण कचरूभाऊ अजून वर्षातून एकदा येतात. सुरेखाच्या हातचा चहा घेतात, माझ्या पोच्यावर बोटाने टकटक करतात आणि वाकून कान लावतात. उजवा.