आण

तव्यावरची भाकरी फुगायला आणि फोन किंचाळायला एकच गाठ पडली.

सप्तापुरातल्या त्या दोन खोल्यांत जेवायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरींना आता त्या आवाजाची सवय झाली होती. भाकऱ्या थापणाऱ्या कौसल्येला झाली नव्हती. तिची लेक कविता इस्रायलमध्ये एका म्हातारीला सांभाळायला होती. मागच्या सुट्टीत आली तेव्हा तिनंच आईच्या फोनमध्ये हे अ‍ॅप घालून दिलं होतं. तिच्या गावाच्या रोखानं क्षेपणास्त्र निघालं की तिकडं भोंगा वाजायचा, आणि तोच भोंगा इकडं धारवाडात, पिठाच्या डब्याशेजारी वाजायचा. पडद्यावर त्या गावाचं नाव उमटायचं. कौसल्येला मराठी वाचता यायचं, कन्नड यायचं. त्या तिसऱ्या लिपीतला मात्र तेवढा एकच शब्द तिला ओळखू यायचा, जत्रेत हरवलेलं लेकरू पाठमोरं ओळखावं तसा.

"अक्का, भाकरी जळायलीय," पाटावर बसलेली दीपश्री म्हणाली.

"जळू दे."

पूर्वी भाकरी थापताना कौसल्या गुणगुणायची. *वारा येतो बाई, मावळतीकडून, निरोप घेऊन, कुणाचा गं.* आता गात नव्हती. गाताना कान अडकतो, भोंगा ऐकायचा राहून जाईल.

आतल्या खोलीत टीव्हीवर एक माणूस नकाशावर लाल बाण ओढत होता. इकडून तिकडं, तिकडून इकडं. रिक्षा दाराशी लावून जेवायला आलेला नागोजी, तिचा नवरा, ते बघत उभा होता.

"कशावरनं भांडायलेत हो हे?" तिनं तव्यापासूनच विचारलं.

"जमिनीवरनं म्हणतात. देवावरनं म्हणतात. आधी कुणी कुणाला मारलं त्यावरनं म्हणतात."

"मग त्यात माझी लेक कशाला?"

नागोजीनं आवाज बारीक केला. बाण ओढले जात राहिले.

"आणि ज्यांच्यावर हे टाकतात," ती थोड्या वेळानं म्हणाली, "तिकडच्या बायांना असं वाजून सांगतं का कोण?"

नागोजीनं टीव्हीच बंद केला.

फोन आला तेव्हा पोरी हात धुऊन गेल्या होत्या.

"आई, आहोत गं," कविता म्हणाली. ती नेहमी असंच म्हणायची, आहोत. आज कौसल्येनं तो शब्द धरला.

"आहोत म्हणजे? तू कुठं होतीस?"

"जिन्यात. सावतासंगट."

सावता म्हणजे तिकडच्या बोलीत आज्जी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कौसल्येला 'सवत' ऐकू आलं होतं. "परमुलखात जाऊन सवत कशाला गं पाळलीस?" असं तिनं विचारलं आणि मायलेकी पोट धरून हसल्या होत्या.

"जिन्यात का? खाली तळघर आहे म्हणालीस की."

"आहे. पण भोंगा वाजला की लिफ्ट वापरायची नसते. ती चाकाच्या खुर्चीत, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. एकटीला मला उचलत नाही. मग खुर्ची जिन्यात ओढतो आणि तिच्या डोक्यावर वाकून बसतो."

वाकून. कौसल्येच्या हातातलं पीठ हातातच वाळलं. इतके दिवस भोंगा वाजला की लेक जमिनीच्या पोटात शिरली असेल, असं मनाशी धरून ती बसत होती.

"कविता, तुला माझ्या गळ्याची आण. वाजलं की एकटी खाली पळायचं. नाही पळालीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"आई, असं नको गं बोलू."

"बोललो."

"सुटली म्हण."

"नाही म्हणत."

आण ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. कविता नर्सिंग शिकलेली, रक्त बघून न डगमगणारी. पण आईचं तोंड मधे आलं की शिकलेलं सगळं गळून पडतं.

"बरं केलं नाहीस," नागोजी म्हणाला. मग पाणी पिऊन भांडं पालथं घातलं. "मीपण हेच केलो असतो."

पुढच्या वेळी वाजलं तेव्हा कविता तळघरातून बोलली. मागं परकी माणसं, एक रडणारं मूल.

"आलो खाली."

"आणि म्हातारी?"

"वर आहे. खुर्ची दाराच्या चौकटीत लावली, पाणी जवळ ठेवलं. आईनं आण घातलीय म्हणून सांगितलं तिला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मीपण माझ्या लेकीला हेच सांगितलं असतं. आणि मलाच ढकललं, जा म्हणून."

कौसल्येला हवं होतं ते मिळालं. पण घास काही गोड लागेना. डोळा मिटला की चौकट दिसायची, चौकटीत खुर्ची. ती म्हातारी कशी दिसते हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून मन तिला कधी आपल्या आईचा चेहरा द्यायचं, कधी माहेरच्या, अळणावरच्या शेजारणीचा. दोनदा तिनं फोन उचलला. जिभेवर 'सुटली' आलं आणि जिभेनंच गिळलं. सुटली म्हटलं की लेक पुन्हा वाकणार. नाही म्हटलं तर ती खुर्ची. इकडं आड, तिकडं विहीर, आणि ती इथं, भाकरीच्या परातीपुढं.

मग एका सकाळी भोंगा वाजला आणि वाजतच राहिला. थांबला, पुन्हा वाजला. कविताचा फोन लागेना. पोरी आल्या, न जेवता बसून राहिल्या. दीपश्रीनं गॅस बंद केला.

दुपार कलल्यावर व्हिडिओ कॉल आला.

आधी नुसती जमीन दिसली, काचांनी भरलेली. मग कविताचा हात. मग खुर्चीतली म्हातारी. वाळल्या शेंगेसारखी बारीक, पांढरे केस, कपाळावर रक्ताची एक सुकलेली रेघ.

"मागच्या गल्लीत पडलं," कविता म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "खिडक्या गेल्या सगळ्या. मी खाली होतो."

ती रडत नव्हती. आईला काही मागत नव्हती. म्हातारीच्या केसांतून एकेक काच काढून वाटीत टाकत होती, लेकीच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तशी, बट उचलून, खाली बघून. टिक. टिक.

"हाक मारली का तिनं?" कौसल्येनं विचारलं.

"मारली असेल. तळघरात काय ऐकू येतंय?"

म्हातारीनं पडद्याकडं बघितलं, कौसल्येला ओळखल्यासारखी हसली आणि हात हलवला.

"सुटली," कौसल्या म्हणाली.

कविताचा हात थांबला.

"आण सुटली म्हटलं."

दारात उभा असलेला नागोजी पुढं आला. "अगं, काय बोललीस?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. खरंच ठाऊक नव्हतं. तोंडानं काढलेला शब्द हातानं परत घेता आला असता तर तिनं तिथंच घेतला असता.

म्हातारीनं काहीतरी विचारलं. कविता तिच्या बोलीत हळू आवाजात सांगू लागली. ऐकता ऐकता म्हातारी मान हलवायला लागली. नको, नको. तिनं कविताचं मनगट धरलं, दाराकडं बोट दाखवलं, मग फोनकडं तोंड करून भराभर बोलू लागली, थेट कौसल्येशी, हात जोडून. एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

"काय म्हणतीय ती?"

कविता दोघींकडंही बघत नव्हती. तिनं म्हातारीची मान हलकेच सरळ केली आणि कानामागची बट उचलली.

"हलू नको म्हणतोय मी तिला," ती म्हणाली. "काच टोचेल."