धूरनाथाची उभी गाडी

धाड गावच्या बाजाराच्या मैदानात लाल गाडी गरजत होती. मागची चाकं भिंगरीसारखी फिरत होती, पांढऱ्या धुराचे लोट उठत होते, आणि गाडी तसूभरही हलत नव्हती. कारण पुढ्यात धूरनाथ महाराज उभे होते, बॉनेटवर एक बोट टेकवून.

"चारशे घोडे या बोटानं धरले," महाराज भोंग्यातून सांगत होते. "या धुरात दमा जळते, सासूची कटकटही जळते. श्रद्धा कच्ची असली, त्यालेच ठसका लागते."

रंगरावांना पटलं. जन्मभर कीर्तनात टाळ धरलेला भाबडा माणूस. टायरची काजळी त्यांनी बुक्क्यासारखी कपाळाला लावली आणि दम्यानं धापणाऱ्या बायकोला, सोजराबाईला, धुरात नेलं. तिचा दम्याचा पंप महाराजांच्या सांगण्यावरून सकाळीच विहिरीत गेला होता.

"अजी, मले बाहेर न्या. जीव घाबरून राह्यला."

"खोकू नको. लोक पाहून राह्यले," म्हणत रंगरावांनी तिचा खांदा दाबून धरला.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई धम्मशीला गर्दीतून पुढं घुसल्या. "काका, काकूले बाहेर काढा. हे टायर जळून राह्यलं."

"मॅडम," रंगराव म्हणाले, "तुमचा देवावर विश्वास नाही. तुम्ही मधात पडू नका."

"देव राहू द्या. मी बोटाची परीक्षा घेतो."

खिडकीतून हात घालून त्यांनी ड्रायव्हरचं मनगट पकडलं. त्याचा अंगठा गिअरवरच्या बटणावर होता. "महाराज, पुढच्या चाकांचे ब्रेक या बटणानं धरले आहेत. सोडू काय?"

महाराजांनी अशी उडी मारली की खडावा जागेवरच राहिल्या.

ड्रायव्हरनं घाबरून इंजिन बंद केलं आणि सगळं ओकलं. गाडी शर्यतीची, ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. बटण दाबलं की पुढचे ब्रेक आवळलेले राहतात, मागची चाकं मोकळी. तीर्थ म्हणून टायरखाली पाणी ओतलं की चाकं जागेवर घसरतात, तापतात, धूर सोडतात. शर्यतीआधी टायर रस्त्याला नीट चिकटावेत म्हणून हे करतात.

लोक महाराजांना चोपू लागले. त्या हाणामारीत सोजराबाईला दवाखान्यात नेणाऱ्या जीपला वाट द्यायला कुणी हललं नाही. जीप बुलढाण्याच्या रस्त्याला लागली तेव्हा सोजराबाईचा श्वास थांबला होता.

"मॅडम," रंगराव पुटपुटले, "माझी श्रद्धा कमी पडली काय?"

"नाही काका. श्रद्धा पुष्कळ होती. तिले हवा कमी पडली."

भजन म्हणा, कीर्तनाला बसा, देवापुढं खुशाल डोळे मिटा. पण कुणी धूर हुंगायला सांगितला तर आधी डोळे उघडून पाहा, काय जळतंय ते. आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्या.