नऊशे ग्रॅमची भांडखोर

मी रुग्णालयातली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी एक जुनी काचेची पेटी आहे, पण मोडीत निघालेली नाही. मित्रांनो, माझे झाकण पिवळे पडले असले तरी माझी ऊब शाबूत आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! पुढे नव्या पेट्या आल्या आणि मला कोपरा मिळाला. एका दुपारी त्या सगळ्या भरल्या होत्या, तेव्हाच सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी आली. वजन नऊशे ग्रॅम. सिस्टरने मला पुसले, तापवले आणि तिला माझ्यात ठेवले.

तिची आजी सुनेला म्हणाली, "एवढासा जीव गं! उगाच आस लावून बसू नकोस."

ओली बाळंतीण भिंत धरून उभी होती. "आई, ती श्वास घेतेय. मी इथून हलणार नाही."

पहिल्याच आठवड्यात त्या मुलीचा श्वास तीनदा थांबला. सिस्टर तळपायाला टिचकी मारी, की ती रागावून पुन्हा श्वास घेई. नळीतून थेंब थेंब दूध पोटात जाई. जरा सावरल्यावर आई तिला उघड्या छातीशी धरून तासन् तास बसू लागली. त्या उबेपुढे मी हरले, आणि खुशाल हरले. सून जेवायला गेली की आजी म्हणे, "द्या इकडे, आता माझी पाळी."

नऊ आठवड्यांनी ती घरी गेली. चालायला उशीर लागला, चष्माही लागला. सहा वर्षांची झाल्यावर ती तपासणीला आली, तेव्हा सिस्टरने तिला दारातून माझ्याकडे बोट करून दाखवले. दाराबाहेरच्या बाकावरची एक बाई हळहळली, "बिचारी! केवढा जाड चष्मा."

"बिचारी नाही काही!" मुलगी फणकारली. "मला शेवटच्या बाकावरून फळा दिसतो. तुम्हाला दिसतो का?"

आजी तोंड लपवून हसली.

मित्रांनो, माझ्यातली सगळीच बाळे घरी गेली नाहीत. ती मला आठवतात, म्हणून मी हट्टाने तापते. माझी वायर जपा, झाकण पुसा. आणि घरी गेलेल्या बाळांच्या तपासणीच्या तारखा चुकवू नका. नुसते जगवून भागत नाही. त्यांना नीट दिसले पाहिजे, ऐकू आले पाहिजे आणि जगाशी कडकडून भांडताही आले पाहिजे.