दोन्ही कुंड्यांना मीठ

युस्राच्या कुंड्यांनी तिचं नाक कापलं होतं. निम्म्या कुंड्यांना मिठाचं पाणी, निम्म्यांना साधं. केर्केना बेटावर तिच्या आजोळी पेरतात तो घेवडा खारं पाणी कितपत सोसतो, एवढंच तिला पाहायचं होतं. समुद्रकाठच्या स्फाक्स शहरातल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात स्वतःचा प्रश्न घेऊन आलेली ती एकटीच. बाकीच्यांनी सरांनी दिलेले विषय मुकाट्याने घेतले होते. आणि आता सगळ्या कुंड्यांतली रोपं सारखीच पिवळी पडली होती. फरकच नाही, तर लोकांपुढे उभं राहून सांगायचं काय, कपाळ?

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा दिवस महिन्यावर आला होता. तिच्या मार्गदर्शक ओल्फा मॅडमनी विभागात भांडून तिचं नाव यादीत घालून घेतलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या पोरींनी फार तर काचेची भांडी धुवावीत, असं म्हणणारे तिथे कमी नव्हते. आता त्यांचंच खरं होणार होतं.

"मॅडम, माझं नाव काढून टाका," ती मॅडमच्या खोलीच्या दारातूनच म्हणाली.

"आधी आत ये. रडायचं असेल तर रडून घे, चहा होईपर्यंत वेळ आहे."

मॅडमची पाण्याची बाटली रिकामी होती. त्यांनी किटली उचलली आणि नळाखाली धरली.

"अहो मॅडम, नळाचं नका घेऊ!" युस्रा रडणं विसरून ओरडली. "खारट असतं ते. त्याचा चहा आम्ही वैऱ्यालाही देत नाही."

मॅडमनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकून टाकलं. त्या उत्तरेकडच्या, बेजाच्या. तिकडे नळाला तोंड लावून पाणी पितात. इथे बदलून आल्याला त्यांना थोडेच आठवडे झाले होते, आणि नव्या गावात पोट बिघडू नये म्हणून त्या बाटलीचंच पाणी पीत होत्या.

"साध्या कुंड्यांना कोणतं पाणी घातलंस?"

"नळाचं."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. लिहून दिलं होतंत."

"आणि ते खारट असतं हे तुला ठाऊक होतं?"

"स्फाक्समधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मॅडम."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तुम्ही मॅडम आहात ना. मला वाटलं, त्यातही काहीतरी शास्त्र असेल."

मॅडमनी त्या पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला, आकडा पाहिला आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागल्या. "अगं, दोन्हींकडे आपण मीठच पाजलं! घेवडा बिचारा नापास झालेलाच नाही. नापास झालो त्या आपण दोघी!"

युस्राने इतका मोठा श्वास सोडला की तिचं तिलाच हसू आलं. कुंड्या पिवळ्या पडायला कारण होतं. तिचा प्रश्न खुळा नव्हता. तिला एकदम सडकून भूक लागली.

"महिना आहे हातात. आजच पेरू," म्हणत मॅडमनी कागद ओढला आणि लिहिलं, 'बाटलीचं पाणी.'

युस्राने तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"नको, मॅडम."

"का?"

"प्रत्येक कंपनीच्या बाटलीत क्षार वेगळे. आमच्या अंगणाखाली टाकं आहे, पावसाच्या पाण्याचं. आम्ही तेच पितो. मी कॅन भरून आणते."

मॅडमनी लिहिलेलं खोडलं आणि पेनच तिच्या हातात दिलं. "घे, आता तूच लिही. पहिल्या कुंड्यांचंही लिही. चूक मॅडमची, असं स्पष्ट लिहायचं."

"सगळ्यांसमोर? असं कसं लिहू?"

"आत्ता 'नको' म्हणालीस ना, तसंच."

युस्राने कागद आपल्याकडे ओढला. मग तिने लिहिलं, 'चूक दोघींची,' आणि मॅडमनी ते खोडलं नाही.