तीर्थाची पळी

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घणसोली गावातल्या देवळात सदूनानांचा डावा हात पखवाजावरून घसरला. भजन चालूच राहिलं. म्हाताऱ्याचा ठेका चुकला, एवढंच सगळ्यांना वाटलं. बायकांत बसलेल्या सुचिताने मात्र टाळ्या थांबवल्या.

तासाभरापूर्वी याच सभामंडपात दानपेटीला मोबाइल टेकवून ती ऑनलाइन वर्गाला बसली होती. देवळादेवळांतून आरोग्याची माहिती सांगणाऱ्या स्वयंसेविकांचं प्रशिक्षण. सराव म्हणून तिने नानांचा रक्तदाब मोजला. आकडा ऐकून पडद्यावरून शिकवणाऱ्या गीतांजलीताई म्हणाल्या, "यांना आत्ताच डॉक्टरकडे न्या."

"नाना, सकालची गोली घेतली?"

"निर्जली एकादशी हाय माजी. गोलीला पानी लागतं ना गो." नाना पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापत हसले. "भजन होऊ दे. मंग ने कुठं न्यायचा तं."

घोटभर पाणी पिऊन गोळी तरी घ्या, असं तिने पुन्हापुन्हा सांगून पाहिलं. नाना उठले नाहीत.

आता ती बायकांतून उठली आणि थेट टाळकऱ्यांच्या मधे गेली.

"नाना, दोनी हात वर करा."

उजवा वर गेला. डावा मांडीवरच पडून राहिला. ओठाचा कोपरा खाली ओघळला होता.

टाळ थांबले. नानांचा मुलगा केतन गाडी काढायला धावला. मंडळाचे जोतीरामबुवा गाभाऱ्यातून तीर्थाची पळी घेऊन आले.

सुचिताने नानांच्या तोंडापुढे तळहात धरला. "नको बुवा. आता गिलता येनार नाय, श्वासनलीत जाईल. तोंडात काय घालाचा नाय."

"तीर्थ हाय ह्या."

"म्हाईत हाय मना."

"मगाशी पानी प्या म्हनत व्हतीस," मागून बयाबाई म्हणाली. "आता देवाचा पन चालत नाय?"

तिने हात काढला नाही. पळी कलंडली, पाणी तिच्या मनगटावरून लादीवर सांडलं.

नानांना गाडीत कुशीवर निजवलं. बुवा दाराशी उभे होते.

"बिनतीर्थाचा गेला, तं तुज्या नावावर."

आठच्या सुमारास हॉस्पिटलातून केतनचा फोन आला. "आत घेतलाय. डोले उघडलंन. बोलत नाय अजून."

कोणी घरी गेलं नाही. सुचिताशेजारची सतरंजी तेवढी मोकळी राहिली.

पखवाज आडवा पडला होता. भजन संपलं की कणीक नाना स्वतः खरवडत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ती कडेने वाळायला लागली होती. सुचिताने रुमाल ओला करून तिच्यावर पसरला.

त्यानंतर फोन आलेला नाही.