टाकीचा खड्डा

“शालनबाई, भांडी राहू द्या. आधी हा वाळा रांगोळीनं घासून द्या बघू,” कुसुमताई म्हणाल्या. “टाकीच्या खड्ड्यात सापडला. चांगला चांदीचा आहे. रविवारी नातवाचं बारसं, आणि बघा, घरबसल्या वाळा मिळाला. नशीब म्हणतात ते हेच.”

निगडीच्या प्राधिकरणात बंगला बांधून कुसुमताईंना दोन वर्षं झाली होती. नळाच्या पाण्याचा काही नेम नाही, म्हणून मागच्या अंगणात जमिनीखाली टाकी बांधायचं चाललं होतं. सोनबा गवंडी सकाळपासून माणसं लावून खणत होता. शालनबाई जुन्या गावठाणातून कामाला यायची. इथली सगळी जमीन एके काळी गावकऱ्यांचीच, त्यात तिच्या सासऱ्याचं रानही होतं. ते रान सरकारनं प्राधिकरणासाठी घेतल्याला आता दहा वर्षं होत आली. बुलडोझरनं बांध मोडले, झाडं काढली, ओढा बुजवला आणि वर सरळ रेघेत रस्ते आखले. आपली पट्टी नेमकी कुठली, हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येईना, तिथं शालनबाईची काय कथा.

तिनं वाळा नळाखाली धरला. माती निघून गेली. घुंगरं तीनच होती. चौथ्याची नुसती कडी.

ती तिथंच मटकन बसली.

“काय झालं हो? चक्कर आली का?”

“ताई, ह्यो माझ्या लेकीचा हाय.”

बाईची चांदीवर नजर गेली, असंच कुसुमताईंना वाटलं. “उगीच काहीतरी बोलू नका. माझ्यासमोर जमिनीतनं निघालाय तो.”

“व्हय. जमिनीतच ठेवली व्हती तिला.” शालनबाईनं वाळा मुठीत धरला. “माझ्या भावानं तळेगावच्या सोनाराकडनं बारशासाठी आणलेले वाळे. एक घुंगरू वाटंतच पडलं, त्यावरनं मी त्याला किती बोलले. आन बारशाच्या आदल्या दिशी पोर गेली. सासू म्हणाली, ऱ्हाऊ द्या पायात. बांधावर, करंजाच्या बुडाशी पुरली तिला.”

आत्ताच तर हा वाळा कुसुमताईंनी मनातल्या मनात नातवाच्या पायात घालून पाहिला होता. त्या तशाच मागच्या दारी धावल्या.

“सोनबा, थांबा. फावडी ठेवा. सगळे वर या आधी.”

काम का थांबलं म्हणून कुसुमताईंचे यजमान, साहेब, तणतणत बाहेर आले. ऐकलं मात्र, आणि ओट्यावर बसले. सोनबाला म्हणाले, “बुजवून टाका. टाकी पुढच्या बाजूला घेऊ.” मग शालनबाईकडे वळून, जरा रागानंच, “अहो, दोन वर्षं येताय तुम्ही. ही जागा तुमची होती, हे एकदा तरी बोलायचं.”

“मला तरी कुठं वळखू आली, साहेब?” ती म्हणाली. “मला वाटायचं, आमचं रान रस्त्याच्या पल्याड असंल. अवसेला तिकडंच नारळ ठिवून हात जोडायची मी.”

ती खड्ड्याच्या कडेशी आली. आत वाकून पाहिलं.

“आन भांड्यांचं खरकटं पाणी रोज हितं ओतत व्हते.”

बुजवायच्या आधी वाळा परत ठेवायला तिला खाली जायचं होतं. सोनबानं हात पुढे केला. शालनबाईनं चपला काढल्या आणि ती खड्ड्यात उतरली.